पुढचं पान उलटा

मी एक जुनी पोथी आहे. मित्रांनो, मला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवले आहे. हा थाट बघून माझा हेवा करू नका. रागाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे!

माझा जन्म एका अरुंद खोलीत झाला. एक आचार्य सांगत आणि त्यांची धाकटी बहीण बोरूने लिहून घेई. सगळ्यांत एकच चैतन्य आहे, ही त्यांची शिकवण. म्हणून कुंभार असो की धोबीण, येईल त्याला ते शेजारी बसवून शिकवत. पंडितांनी त्यांना भर सभेतून उठवले, तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. त्यांची लिहिण्याची एक रीत होती. आधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, तेही अगदी जोरकसपणे, आणि मग त्याला उत्तर द्यायचे.

"दादा, त्यांची बाजू इतकी चांगली कशाला लिहायची?" बहीण वैतागून विचारी.

"अगं, त्यांचं पुरतं ऐकून न घेता भांडण्यात काय मजा?"

पुढे कित्येक पिढ्यांनी मला हाताळले. माझ्यावर तेलाचे थेंब सांडले, बोटांचे डाग पडले. वाचणारे माझ्यावरून हमरीतुमरीवर येत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मी या ग्रंथालयात आले. इथल्या प्रमुखांनी मला मधल्याच एका पानावर उघडले आणि पेटीला कुलूप ठोकले. त्या पानावरची एक ओळ त्यांनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत कोरून घेतली, 'विद्या सर्वांसाठी नाही', आणि खाली आचार्यांचे नाव घातले. अहो, ती विरोधकाची ओळ! उत्तर पुढच्या पानावर आहे. पण एक पान उलटायचे कष्ट घेतो कोण?

परवा झाडणाऱ्या मावशी पेटीपुढे थांबल्या. प्रौढांच्या वर्गाला जाऊन त्या नुकत्याच वाचायला शिकल्या आहेत.

"साहेब, ही पोथी जरा वाचू का? हात स्वच्छ धुऊन आलेय."

प्रमुखांनी भिंतीकडे बोट दाखवले. "आधी ते वाचा."

मावशींनी एकेक अक्षर लावत वाचले. त्यांचा चेहरा पडला. जाताना दारातल्या पहारेकऱ्याला त्या म्हणाल्या, "उद्यापासून वर्ग बंद. एवढे मोठे आचार्यच नको म्हणतात, मग आपली कशाला हौस?"

माझे अक्षर न् अक्षर एका बाईच्या हातचे, आणि माझीच ओळ दाखवून एका बाईला परत पाठवले! मला तोंड असते तर मी ग्रंथालय डोक्यावर घेतले असते.

मित्रांनो, मला मखमल नको. माझ्यावर खुशाल डाग पडू द्या, पण मला शेवटपर्यंत वाचा. इथे आलात तर ते कुलूप उघडायला लावा, मावशींना हाक मारा आणि फक्त एक पान उलटा. तिथे त्या बहिणीच्या ठसठशीत अक्षरात पहिलीच ओळ आहे: 'हे साफ खोटे आहे.'