खरं सांगायचं राहिलं

ज्या माणसावर सूड उगवायचा म्हणून मी मानसशास्त्रात टिकले, तो एका सकाळी आपल्या पायांनी माझ्या प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "स्मरणशक्तीच्या अभ्यासाला म्हातारी माणसं हवी आहेत ना? मी आलोय."

सर या विषयातले नावाजलेले संशोधक, पण ते मला ओळखत नव्हते. त्यांच्या प्रयोगात बसली होती ती माझी ताई. तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. सरांनी तिच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "तुम्हाला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही." निकाल खोटा होता. निम्म्या मुलींना मुद्दाम तसं सांगून त्यांचं वागणं कसं बदलतं ते बघायचं होतं. अशा प्रयोगात शेवटी समोर बसवून खरं सांगावंच लागतं, त्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नसतं. पण सरांचा त्या दिवशी कुठेतरी सत्कार होता. ते घाईनं निघून गेले आणि खरं सांगायचं राहिलं.

ताईनं नर्सिंग सोडलं. "आजाऱ्याच्या उशाशी माझ्यासारखी कशाला?" एवढंच म्हणाली. आता ती एका गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावते. खोक्यांना दुखत नाही, म्हणते. लग्नाचा विषय निघाला की उठून जाते. पुढे मी शिकत असताना सरांचा गाजलेला शोधनिबंध हाती आला. त्यात ताईला ऐकवलेलं वाक्य जसंच्या तसं होतं. मी धावत घरी गेले, तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस ना?"

तेव्हापासून मी सरांवर डूख धरून होते.

माझा अभ्यासही त्याच जातीचा. निम्म्या लोकांना 'तुमची स्मरणशक्ती वयाच्या मानानं फारच घसरली आहे' असं खोटं सांगायचं, पुन्हा परीक्षा घ्यायची, मग खरं सांगायचं. कुणाला खोटं सांगायचं ते चिठ्ठी ठरवते. सरांची चिठ्ठी मी बदलली नाही. बदलायची तयारी होती, पण गरजच पडली नाही.

असले प्रयोग करण्यात त्यांची हयात गेली. त्यांना संशय यायला हवा होता. पण हल्ली नातीचं नाव पटकन आठवत नाही, असं ते आल्या आल्याच बोलून गेले होते. ज्याची आधीच धास्ती आहे तेच निकाल म्हणून ऐकवलं, की माणूस शहानिशा करत बसत नाही. हे त्यांनीच तर लिहून ठेवलंय.

निकाल ऐकला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. दुसऱ्या परीक्षेत एकेक उत्तर तीनतीनदा खोडलं. कुणी इतकं घाबरलं तर तिथेच थांबवून खरं सांगायचं असतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

परीक्षा संपल्यावर मी विचारलं, "सर, तुमच्या प्रयोगात एका नर्सिंगच्या मुलीला खरं सांगायचं राहून गेलं होतं. आठवते ती?"

"नाही आठवत," ते म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकले.

"माझी ताई ती."

तिचं काय झालं ते सगळं सांगितलं. मग नियमाप्रमाणे त्यांचंही खरं सांगितलं. निकाल खोटा होता, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, हे बघा तुमचे खरे गुण. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"हे खरं कशावरून? मघाचंही तुम्हीच सांगितलं होतं."

"ताईलाही असंच वाटतं," मी म्हटलं आणि दार उघडून धरलं.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. "तो निकाल नक्की खोटा होता ना?" मी दर वेळी गोड आवाजात खरं सांगते. त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

काल जेवताना ताईला हे सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं हातातला घास खाली ठेवला.

"फोन सकाळी उठल्या उठल्याच करतात ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

"तेव्हाच जास्त भीती वाटते गं. आधी नातीचं नाव आठवतंय का बघत असतील, मग फोन लावत असतील." तिचे डोळे भरले होते. "कशाला छळतेस म्हाताऱ्या माणसाला?"

"आणि म्हणे तुला दुसऱ्याचं दुःख कळत नाही!"

"ते वेगळं," म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

आज सकाळी फोन वाजला. "सर, माझ्या ताईशी बोला," म्हणून मी तो ताईच्या हातात दिला. सरांना धीर मिळावा म्हणून नाही. जिच्यात माया नाही असं सांगून ते सत्काराला निघून गेले, तिच्याच तोंडून त्यांना मायेचे शब्द ऐकावे लागावेत म्हणून. याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही.

"घाबरू नका, सर," ताई म्हणत होती. "मी फोन ठेवत नाही. सावकाश आठवा. काय नाव आहे नातीचं?"

पलीकडून कितीतरी वेळ फक्त रडण्याचा आवाज येत होता.