तासलेल्या माथ्याची इमारत

मी एक जुनी इमारत आहे. न्यूयॉर्कच्या पश्चिम अंगाला, हडसन नदीकडे तोंड करून, अकरा मजले घेऊन उभी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही, आणि गोड करून सांगायची मला सवयही नाही.

मला उभं केलं ते पॅरिसला वास्तुकला शिकून आलेल्या एका माणसाने. त्या काळी श्रीमंतांना आपली स्वतंत्र घरं सोडून चार कुटुंबांबरोबर एका छपराखाली राहायची लाज वाटायची. ती लाज झाकायला त्याने मला राजवाड्याचं तोंड दिलं. खाली चुनखडीच्या दगडाचे दोन मजले, वर फिकट वीट, खिडक्यांवर भाजलेल्या मातीच्या फळाफुलांच्या माळा, आणि माथ्यावर पुढे झेपावलेला रुंद छज्जा. छज्ज्याखाली ओळीने सिंहांची तोंडं. हा सगळा थाट रस्त्याच्या बाजूला. पाठ मात्र नागडी, स्वस्त विटेची. तिकडच्या कोंदट खोल्यांत मोलकरणी राहायच्या. माझं चित्र काढायला पुष्कळ आले, पण पाठीकडे एकही फिरकला नाही.

पण एक सांगते. तो माणूस दिखाऊ असला तरी मूर्ख नव्हता. माझा छज्जा नुसता मिरवायला नव्हता. त्याच्या खालच्या अंगाला बोटभर खाच होती. नदीवरून पाऊस यायचा, पाणी त्या खाचेपाशी थबकायचं आणि भिंतीला न शिवता दूर खाली ठिबकायचं. छज्ज्याखाली माझं अंग कोरडं राहायचं.

वर्षं गेली. श्रीमंत निघून गेले, साधी माणसं आली. पुढे त्या भाडेकरूंनीच मिळून मला विकत घेतलं आणि मालक झाले. पण माझी निगा कुणी राखली नाही. छज्ज्यावरच्या पन्हाळीत पानं कुजली, पाणी तुंबलं, छज्जा धरून ठेवणारे आतले लोखंडी आकडे गंजले. आणि एका सकाळी एका सिंहाचा जबडा सुटून फुटपाथवर आपटला.

तो पडला बेला टार्नोव्हरच्या खुर्चीशेजारी. बेलाबाई पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि रोज दारापाशी घडीची खुर्ची टाकून उन्हात बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत. त्यांची जिवाभावाची मैत्रीण हेडविग लिलियंथाल, अगदी वर, अकराव्या मजल्यावर. व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेली, एकटी. तिने आयुष्यात एकच घर स्वतःचं म्हटलं, ते माझ्या छज्ज्याखालचं.

खालच्या दालनात सभा भरली. अध्यक्ष होते तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर कॅप्लो.

"दुरुस्ती करत बसलो तर जन्म जाईल," ते म्हणाले. "सगळा छज्जा तासून टाकू. हलणारा दात ठेवून काय करायचंय? मी रोज हेच करतो."

"आणि माझ्या तोंडात काय उरलंय ते बघा!" बेलाबाई म्हणाल्या. "तुमचीच कृपा, डॉक्टर."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. मग म्हणाले, "एवढ्या उंचावर बघतंय कोण, बाई? कबुतरं."

हेडविगबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तो फुटलेला जबडा होता, आणि त्याच्या शेजारची बेलाबाईंची खुर्ची. त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. ते पाहून बाकीचे हात वर गेले. गल्लीतल्या कितीतरी इमारतींचे माथे तेव्हा असेच तासले जात होते. पन्हाळ साफ करू, आकडे बदलू, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आळशी कुठले! शोभेची वस्तू आहे, काढली तर बिघडतं काय, असं वाटलं सगळ्यांना.

माणसं यंत्रं घेऊन वर आली. सिंह फुटले, माळा फुटल्या. जखमेवर सिमेंट थापलं, डांबर फासलं, आणि झालं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नदीवरून वादळ आलं. थोपवायला खाच नव्हती. पाणी सरळ माझ्या अंगावरून ओघळलं, विटांत शिरलं आणि हेडविगबाईंच्या खोलीत उतरलं. गिलावा फुगला, पडला. डॉक्टरांनी रंगारी पाठवला. पुन्हा पाणी आलं, पुन्हा रंगारी आला. त्या भिंतीला काळी बुरशी धरली आणि बाईंच्या छातीला खोकला.

बेलाबाई वर आल्या. पलंगाभोवती मांडलेली पातेली बघून म्हणाल्या, "काय गं हेडी, सूप कुणासाठी एवढं?"

"तुझ्यासाठी. पण मीठ तू घाल." एवढं बोलून हेडविगबाईंना खोकल्याची उबळ आली. बेलाबाईंनी एकेक पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं.

शेवटी फ्लोरिडाहून भाची आली आणि घर आवरलं. सामान गाडीत चढलं तशी बेलाबाईंनी मैत्रिणीचा दंड धरला.

"हात का वर केलास, मूर्ख बाई?"

"तुझ्या डोक्यावर पडला असता."

"अगं, मला एकदा विचारायचंस! मी खुर्ची पलीकडे नेली असती."

हेडविगबाईंनी तिच्याकडे पाहिलं. भाचीने गाडीचं दार लावलं. गाडी वळली. मी इमारत आहे, मला रडता येत नाही. आतून भिजत राहते, तेवढंच.

मित्रांनो, माझा माथा आता परत येणार नाही. पण समोरच्या इमारतीचा छज्जा अजून जागेवर आहे. थोडा हलतोय. तिथेही सभा ठरल्याचं ऐकते. तुमच्यापैकी कुणी तिथे राहत असेल, तर मोठ्यांना हाताला धरून आधी गच्चीवर न्या. पन्हाळीतली कुजलेली पानं काढायला लावा, गंजलेले आकडे दाखवा. आणि छज्ज्याखाली, सगळ्यात वर, कोण राहतं, तिचं नाव विचारा.