दिसणारा रफू

मी रफू करते. कोटाला कसर लागली, पॅंट खिळ्यात अडकून फाटली, इस्त्री कपड्यावर ठेवून कुणी फोनवर बोलत बसलं, की माणसं माझ्याकडे येतात. मी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढते, उभ्यात आडवा घालत भोक विणून बंद करते. मग गिऱ्हाईक कपडा खिडकीशी नेतं, उलटसुलट करतं आणि विचारतं, "कुठे होतं हो?" तेव्हा मी नुसता चष्मा पुसते. हा माझा माज आहे आणि तो मी कष्टाने कमावलाय.

अडचण एवढीच, की कपड्यावरून उठलेली नजर थेट माझ्या डाव्या कानावर जाते. तिथे पाळीला एक गोळा लटकतो. जांभळट, चकचकीत, मोठ्या द्राक्षाएवढा. न दिसणारा रफू करणारी बाई, आणि तिच्याच कानाची दुरुस्ती रस्त्याच्या पलीकडून दिसते. एका मास्तरांनी तर विचारलंच, "हेही तुमचंच काम का?" मी म्हणाले, "नाही हो, ते बाहेर दिलं होतं." वाक्य बरं जमलं, म्हणून पुढे मी ते सगळ्यांना ऐकवू लागले.

झालं होतं असं. मला जड कानातल्यांची भारी हौस. मान दुखली तरी चालेल, पण झुलणारं काहीतरी हवंच. त्या वजनाने भोक ओघळत गेलं आणि एक दिवस पाळी फाटली. दवाखान्यात जाऊन टाके घालून आणले आणि घरी आल्या आल्या आरशासमोर उभी राहून ते नापास केले. अंतर सारखं नाही, गाठी जाड, धाग्याचा रंग भलताच. काही महिन्यांनी तिथे वाटाण्याएवढा टणक दाणा आला. खाजायचा, ठणकायचा, वाढायचा. मी घरभर सांगत सुटले, बघा, वाईट टाक्याचं असं होतं.

आमच्या धंद्यात बिघडलेल्या कामाला एकच औषध, उसवा आणि नव्याने करा. म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले आणि तो दाणा कापायला लावला. टेबलावर आडवी पडून त्याला शिकवतही होते. सुई तिरपी घ्या, धागा ओढू नका, घाई कशाला करताय. भूल कानापुरतीच दिली होती, जिभेला नव्हती, याचा त्या बिचाऱ्याला पश्चात्ताप झाला असेल. काम झाल्यावर तो म्हणाला, "आता नेमाने यावं लागेल, जागेवर इंजेक्शनं द्यावी लागतील." मी गेले नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक त्याच भोकासाठी परत आलं तर मला लाज वाटते. हा माणूस आधीच परत यायला सांगतोय म्हणजे याला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही, असं मी ठरवलं.

दाणा गेला आणि त्याच्या जागी द्राक्ष आलं. नावं ठेवायच्या माझ्या यादीत मी दुसऱ्या डॉक्टरचं नाव पहिल्याच्या खाली घातलं. कुणीतरी कांद्याचा रस सांगितला, तोही लावला. द्राक्ष होतं तसंच राहिलं, पण आमचे हे जेवताना खुर्ची लांब ओढून बसू लागले.

लेक या सगळ्यात वाढली. "चांगला टाका दिसत नाही, दिसला की काम वाया," हे तिने पाढ्यांच्या आधी ऐकलं असेल. पुढे ती एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात लागली. दुकान असं, की तिथे ठिगळ लावलेली नवी पॅंट दुप्पट भावाला विकतात. पण तो विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो.

एका संध्याकाळी ती कॉलर गळ्याशी ओढत म्हणाली, "आई, मी खांद्यावरचा तीळ काढून घेणार आहे."

"कुठला तीळ?"

"आहे गं एक. मागच्या बाजूला."

"आणि टाके कोण घालणार?"

"आमच्या कॅशियरने गाठ काढून घेतली ना, त्याच दवाखान्यात. मी त्याचे टाके नीट बघून आलेय. नुसती रेघ आहे, तीही शोधावी लागते."

माझा ऊर भरून आला. पोरीने डॉक्टरची डिग्री नाही विचारली, त्याचं काम बघितलं. मी म्हणाले, "मी येते बरोबर." तिचा चेहरा पडला. "नको गं, तुझी कामं आहेत," म्हणाली. मला वाटलं, किती काळजी करते आईची. आणि मी पर्समध्ये भिंग टाकलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी लेकीकडे बघायच्या आधी माझ्या कानाकडे बघितलं.

"हे किती वर्षं आहे?"

"विचारू नका. दोन डॉक्टरांनी मिळून घाण केलीय," मी म्हणाले आणि बाहेर दिलेल्या कामाचं वाक्य ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गोळा बोटांत धरून दाबून बघितला.

"तुम्ही काय करता?"

"रफू."

"मग तुम्हाला लगेच कळेल. जखम झाली की शरीर भोक विणून बंद करतं. भोक बुजलं की बहुतेकांचं शरीर थांबतं. काहींचं थांबतच नाही. कडा ओलांडून चांगल्या कातडीवरही विणत सुटतं. याला केलॉइड म्हणतात. हा कॅन्सर नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण नुसता कापला, तर शरीराला वाटतं नवी जखम झाली, आणि ते आणखी जोरात कामाला लागतं."

"म्हणजे टाके वाईट नव्हते?"

"टाके ठीकच असणार. तुमच्या कातडीचा स्वभाव आहे हा. बऱ्याचदा तो घराण्यात चालत येतो."

इतकी वर्षं मी टाक्याला शिव्या घातल्या आणि कापड तपासलंच नाही. आमच्यात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात, आधी कापडाचा पोत बघ.

"चला, तीळ दाखवा," बाई लेकीला म्हणाल्या.

लेकीने कॉलर मुठीत धरली होती. एकदा माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून बटणं काढली आणि खांदा उघडा केला. तीळ कसला. खांद्यावरून गळ्याच्या हाडाकडे सरकलेला बोटभर लांब, लालसर, उंच वळ, कडांना नख्या फुटलेला. मी सवयीने टाके शोधायला लागले.

"कशाने झालं?" बाईंनी विचारलं.

"कॉलेजात असताना फोड आला होता. मी फोडला."

म्हणजे टाका नाही, सुई नाही आणि डॉक्टरही नाही. नावं ठेवायला खोलीत कुणी उरलंच नव्हतं. होतं ते कापड, आणि ते माझ्या घरचं होतं.

पोरगी उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचे, बाह्यांचे कपडे घालायची. बोलताना कॉलर ओढायची. मी शेजारपाजारी कौतुकाने सांगायचे, आमची फार साधी आहे हो. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कोटावरचं कसरीचं भोक ओळखणारी मी, आणि हे माझ्या घरात, माझ्या समोर बसून जेवत होतं.

"मला का नाही दाखवलंस?"

"तू बघून म्हणाली असतीस, दिसतं."

तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिने ते भाव सांगावा तसं सांगितलं.

बाईंनी विषय पुढे नेला. आज कापायचं नाही. काही आठवड्यांच्या अंतराने वळातच इंजेक्शनं द्यायची, रोज सिलिकॉनची पट्टी चिकटवायची. महिने जातील. वळ बसेल, खाज थांबेल, रंग उतरेल. पण खूण राहणार, आणि तो पुन्हा डोकं वर काढतोय का यावर नजर ठेवावी लागणार.

"मला हे नकोय," लेक म्हणाली. "मला कापूनच हवंय. तुम्ही नाही कापलं तर दुसरे कापतील."

ती बटणं लावायला लागली. मला तिचा हट्ट ओळखू आला, कारण तोही माझ्याच घरचा. ही आता कुठल्यातरी सुबक टाकेवाल्याकडे जाणार आणि मानेपर्यंत वळ घेऊन परत येणार, हे मला स्वच्छ दिसलं. पाचावर धारण बसली माझी.

"इकडे ये," मी म्हणाले. "हात लाव."

त्या कानाला मी कुणाला हात लावू देत नाही, आमच्या ह्यांनाही नाही. तिने बोट लावलं.

"हे कापायच्या आधी वाटाण्याएवढं होतं. मीच कापायला लावलं. डॉक्टर इंजेक्शनांसाठी परत बोलावत होता, मी गेले नाही."

"पण तू तर म्हणायचीस त्याचे टाके..."

"चांगले होते टाके." हे तीन शब्द बाहेर काढताना मला जितका त्रास झाला तितका कान कापतानाही झाला नव्हता. "मला सुई कळते गं. कातडं नाही कळत. आणि तोंड मात्र दोन्हींवर चालतं माझं."

ती उभीच होती. एका बटणावर बोट थांबलेलं.

मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "माझ्यापासून सुरू करा. काही दुखत नाही, हे हिला दाखवते."

त्या म्हणाल्या, "दुखतं हं."

मी म्हणाले, "मी दिवसभर सुया टोचून घेते."

केलॉइड टणक असतो, त्यात औषध शिरता शिरत नाही. सुई आत गेली आणि मी अशी किंचाळले, की बाहेरची नर्स धावत आली आणि वेटिंगमधले एक आजोबा उठून घरी गेले. डोळ्यांतून पाणी, चष्मा नाकाच्या टोकावर, पर्समधलं भिंग जमिनीवर. लेक आधी घाबरली, मग तिने ते भिंग बघितलं आणि हसायला लागली. "हे कशाला आणलंस?" म्हणत खांदा धरून हसत राहिली. हसता हसताच खुर्चीत बसली. सुई तिलाही लागली, पण तिने नुसता माझा हात आवळला. आवाजाच्या बाबतीत पोरगी माझ्यावर गेलेली नाही.

मग आम्ही दोघी जात राहिलो. एकाच भोकासाठी परत परत जाणारं गिऱ्हाईक झाले मी. द्राक्ष सुकत गेलं, मग बाईंनी उरलेलं कापलं, आणि दाब राहावा म्हणून कानाला घट्ट चाप लावला. लावताना मी त्यांना काहीही शिकवलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

परवा लेकीने दुकानातून एक झगा आणला. "बाह्या काढून दे," म्हणाली. मी लगेच बाह्या उसवल्या, कडा दुमडून शिवल्या. तिने तो घातला आणि आरशासमोर उभी राहिली. वळ आता बसलाय, कातडीच्या बरोबरीला आलाय. पण फिकट पट्टा आहे, नजर आपसूक तिथे जाते.

"दिसतं का?" तिने विचारलं.

आईने काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. पण हिला खोटं लगेच कळतं, हिला बघायला मीच शिकवलंय.

"दिसतं," मी म्हणाले.

"खूप?"

"आहे तेवढं."

तिने आरशात थोडा वेळ बघितलं, माझ्या कानाचा चाप सरळ केला, पर्स उचलली आणि गेली. मी खिडकीशी उभी राहून ती कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर बघत होते. तिथूनही दिसत होतं. तिने एकदाही खांद्याकडे हात नेला नाही.