नळीत सोडलेलं खोबरेल

पहिला छर्रा नळीतून निघाला, लिंबाच्या झाडापाशी थबकला, पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखा डावीकडे वळला आणि कुंपणावरून शेजाऱ्याच्या स्विमिंग पूलमध्ये जाऊन पडला. दुसरा तुळशीच्या कुंडीत विसावला. तिसऱ्याने तर निघण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"राजा, डबा समोर आहे रे," आसावरी स्वयंपाकघराच्या जाळीतून नवऱ्याला म्हणाली. "तू कुठे मारतोयस?"

राजारामने नळीच्या तोंडाला नाक लावलं. खोबरेल!

राजाराम दळवी अमेरिकेत, वाळवंटातल्या चँडलर गावी एका चिप कंपनीत टेस्ट इंजिनिअर होता. माणूस असा, की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दुसऱ्या रांगेत उभा. पण हरभऱ्याएवढे प्लास्टिकचे छर्रे उडवणारी आपली एअरसॉफ्टची बंदूक त्याने अशी जुळवली होती, की तिथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या नेमबाजीत सलग दोन वर्षं पहिला नंबर त्याचाच. त्याचा छर्रा म्हणे निवडुंगाचे काटे मोजून पुढे जायचा. असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुतेक वेळा राजारामच.

कराडहून आलेल्या सासूबाई, प्रतिमाबाई, ओट्याशी काकडी चोचवत होत्या. जावई घरात भांडी घासतो, ही गोष्ट त्यांनी अजून कराडला कळू दिली नव्हती.

"आई, बंदुकीला तेल घातलंत?"

"मग! आज खंडेनवमी ना? सकाळी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, नळीत चमचाभर खोबरेल सोडलं. माझ्या शिलाई मशीनला दर वर्षी घालते, जन्मात कुरकुरलं नाही." सुरी बाजूला सारत त्या म्हणाल्या, "खेळातली का असेना, तुमचं शस्त्र आहे, राजारामराव. कराडला फोनही केला. म्हटलं, आमचे जावई नेमबाज आहेत. उद्या बघायला येणार मी."

लग्न झाल्यापासून या बाईंना जावयाबद्दल माहेरी-सासरी सांगण्याजोगं पहिल्यांदाच काहीतरी गवसलं होतं.

"छान केलंत," तो म्हणाला, आणि गॅरेजमध्ये गेला.

नळीच्या मागच्या टोकाला हॉप-अपची इवलीशी रबरी बाही असते. तिचा उंचवटा छर्र्याला वरून घासतो, उलटी फिरकी देतो, आणि त्या फिरकीच्या जोरावर छर्रा सरळ नि लांब जातो. रबराला तेल लागलं की पकड गेली, फिरकी गेली, आणि उद्या मंडळासमोर अब्रूही जाणार. राजारामने अल्कोहोलने नळी धुतली, ते रबर काढून टाकलं आणि खणातून दोन नवी काढली. एक मऊ, एक कडक. कोणतं लावावं? त्याने परीक्षितला फोन केला. पोरगा उद्याचा प्रतिस्पर्धी, पण मनाचा साफ.

"काका, डोळे झाकून सॉफ्ट लावा. ग्रिप काय असते यार! जर्सी सिटीत आम्ही तेच वापरायचो."

जर्सी सिटीत! तिथे थंडीत कान गळून पडतात. चँडलरचं ऊन असं, की अंगणात टाकलेला पापड भाजतो आणि स्वतःच कूस बदलतो. राजारामने दोन्ही रबरं उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. तासाभराने पाहिलं, तर मऊ रबर चघळलेल्या च्युइंगगमसारखं लिबलिबीत. कडक होतं तसंच.

त्याने कडक बसवलं. त्याची पकड कमी, म्हणून रबराचा छर्र्यावरचा दाब वाढवायला हवा. थोडा वाढवला, छर्रा वाटेतच बसला. जास्त वाढवला, आकाशाकडे निघाला. दिवेलागणीला एकदाचा डबा वाजला.

रविवारी वाळवंटातल्या मैदानावर सगळं मंडळ जमलं. आसावरीने हसत हसत परीक्षितच्या कानावर सगळा किस्सा घातला, आणि परीक्षितच्या पोटात काही राहतं होय?

"ऐका रे!" तो ओरडला. "आजींनी काकांच्या गनला खोबरेल पाजलं! रबर खलास!"

हशा पिकला. प्रतिमाबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे? माझ्यामुळे बिघडली?"

"बिघडतेय कशाची!" राजाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मीच सांगितलं होतं त्यांना घालायला. जुनं रबर काढायचंच होतं, तेलाने अलगद सुटलं."

आसावरीने नवऱ्याकडे पाहिलं आणि परीक्षितला पुढे ढकललं.

आधी परीक्षित. सुरुवातीचे छर्रे सुतात गेले. मग ऊन चढलं, बंदूक आणि तिच्यातलं मऊ रबर तापलं, आणि त्याचे छर्रे लग्नाच्या वरातीसारखे रमतगमत जाऊ लागले. शेवटची लांबची लोखंडी थाळी हललीसुद्धा नाही.

"काका, हे काय होतंय यार?"

"जर्सी सिटीला फोन लाव," राजाराम म्हणाला आणि पुढे झाला.

एकेक डबा पडत गेला. राहिली ती थाळी. गाल टेकवला तर बंदूकही तापलेली. कडक असलं तरी रबर ते रबरच. तेवढ्यात बंदुकीवर सावली आली. बाजूला छत्री धरून प्रतिमाबाई उभ्या होत्या. छत्री पूर्ण बंदुकीवर, स्वतःचं डोकं उन्हात.

"आई, शेडखाली बसा. ऊन लागेल."

"मी काय रबराची आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. धरा नेम."

राजारामने श्वास रोखला. लांबवर थाळी वाजली.

मंडळ ओरडत धावलं. प्रतिमाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी छत्री बंदुकीवरून काढली आणि जावयाच्या डोक्यावर धरली.