सीटबेल्टवरचा आळ

मी एक जुना सीटबेल्ट आहे. गाडी चालवायला शिकवतात त्या मोटारीत, शिकवणाऱ्याच्या बाजूला माझी जागा. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर खोटा आळ आला होता आणि तो अजून मला सलतो.

कारखान्यात मला घट्ट विणलं, ताणून ताणून पारखलं आणि या गाडीत बसवलं. इथे माझी गाठ पडली मास्तरीणबाईंशी. शिकायला येणारे सगळे त्यांना हेच म्हणत. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. शिकणारा गांगरला की बाई तो दाबत आणि मी त्यांना सीटशी धरून ठेवी. एकदा शिकायला आलेल्या एका बेकरीवाल्याने गाडी थेट भिंतीवर नेली. बाईंनी ब्रेक दाबला, मी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. "हा पट्टा म्हणजे माझा पाठचा भाऊ," त्या मला थोपटत म्हणाल्या. मी किती फुगलो होतो!

पुढे त्यांच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. परत कामावर आल्या तेव्हा त्या माझ्याखाली मऊ रुमाल ठेवत. मग रुमालही सुटला. वर्षं गेली. घरात त्या आजाराचं नावसुद्धा कुणी काढेना, जणू नाव घेतलं की तो दारात हजर होईल.

आणि एके दिवशी मला लावताना बाईंचा हात थबकला. जुन्या टाक्यांजवळ काहीतरी टणक लागत होतं. वरची कातडीही ओढल्यासारखी झाली होती. त्यांचा श्वास अडकलेला मला कळला. मी तिथेच तर होतो.

त्या दिवशी मागच्या सीटवर नणंदबाई होत्या. बाईंनी हळूच सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "अगं वहिनी, हा मेला पट्टा दिवसभर घासतो, त्यानेच झालं असेल!"

मेला पट्टा! मी!

यजमानांना तर हे कारण आयतंच मिळालं. त्यांनी माझ्यावर स्पंजची खोळ चढवली. "आता नाही टोचणार. नसते विचार करू नकोस." आणि बाईंनी मान डोलावली. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या मान डोलावण्याचा. पण त्यांना तरी काय बोलू? पट्ट्याचं दुखणं परवडतं हो. दुसरं नको होतं.

खोळीनेही फरक पडेना, तेव्हा त्यांनी मला लावायचंच सोडलं. जगाला पट्टा लावायला लावणारी बाई स्वतः मोकळी बसू लागली. मी बाजूला लोंबकळत होतो, चडफडत होतो. एखाद्याने समोरून गाडी आणली असती तर? पण सांगणार कसं?

दिवस गेले. मी त्यांच्या अंगाला शिवलोही नाही. तरी टणकपणा तसाच. एका सकाळी शिकवणी संपल्यावर बाई गाडीत एकट्याच बसल्या, ओढणीखाली चाचपून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "पट्टा नाही, काही नाही. मग हे काय आहे?" आळ गळून पडला होता. आता भीतीला लपायला जागा नव्हती.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून पुढच्या महिन्याची वेळ मिळाली.

"इतकी वर्षं झाली म्हणून काय झालं?" बाईंचा आवाज चढला. "माझं अंग मला कळतं. याच आठवड्यात दाखवायचंय. नाही तर मी येऊन तुमच्या दारात बसते."

वेळ मिळाली. छातीचे फोटो झाले, सुईने तुकडा काढून तपासायला गेला. निकाल येईपर्यंत बाई शिकवताना 'डावीकडे'ला 'उजवीकडे' म्हणत होत्या.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. जुन्या रेडिएशनमुळे आतला भाग इतक्या वर्षांनी कडक झाला होता. तसं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले, पण तपासल्याशिवाय ओळखता येत नाही.

घरी जाताना यजमान गाडी चालवत होते, बाई माझ्या बाजूला, खोळ काढून मला पुन्हा लावून. यजमान हसून म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? उगाच घाबरवलंस सगळ्यांना."

बाईंनी आरशात मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्यांनी आपल्या पायाचा ब्रेक कच्चकन दाबला.

"उगाच?" बाई म्हणाल्या. "रोज आंघोळीला जाताना माझे हात गार पडायचे. आणि तुम्ही काय केलंत? पट्ट्याला खोळ शिवलीत! मला खोळ नको होती हो. 'चल, दाखवून येऊ' एवढंच हवं होतं. पुन्हा काही वाटलं तर मी पुन्हा जाणार. दहादा जाणार. दहाही वेळा काही निघालं नाही तरी चालेल."

मागून आलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. यजमान स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "मलाही भीती वाटत होती गं."

"मग तसं म्हणायचं होतंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

मित्रांनो, माझ्या कडा आता विरल्या आहेत, लवकरच मला काढून टाकतील. त्याचं दुःख नाही. पण तुमच्या घरात आई, मावशी, आत्या, कुणीही म्हणालं, "इथे काहीतरी वेगळं लागतंय," तर पट्टा घासला, उशी टोचली असली कारणं शोधत बसू नका. तिला शहाणपणही शिकवू नका. चपला घाला आणि तिच्याबरोबर निघा.