भिकनजींची चौकशी

पैसे वाचले आणि आई रडली. पण आई रडलीच नाही असं आमच्या घरात ठरलंय, तेव्हा ते वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा.

माझे वडील भिकन बमरोलीत लूम चालवायचे. ते वारले त्याला तीन वर्षं झाली. त्यांचा मोबाईल आता आई वापरते. रविवारी दुपारी ती त्यावर एकेक आकडा दाबत बसली होती, मांडीवर तिचं एटीएम कार्ड. वडिलांचा पीएफ तिच्याच खात्यात आहे. त्याशिवाय तिला आधार म्हणजे मी. म्हणजे नाहीच.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"बँकना ईमेल येल शे. वर तुना बापनं नाव शे."

मी वाचला. 'आदरणीय श्री भिकन जी, आशा है आप सकुशल होंगे.' तीन वर्षांनंतर ही आशा जरा जास्तच होती. पुढे, चोवीस तासांत कार्ड नंबर आणि पिन भरा, नाहीतर खातं बंद. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेचं नाव, आणि त्यापुढे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी अक्षरं.

मी मोबाईल काढून घेतला. "हाऊ चोर शे, माय. बँक कधी पिन मागस का?"

"माले बी शक व्हता. आपली बँकम्हा कोन आदरणीय म्हनस? तठे तं गुजरातीम्हा वरडतस, 'काकी, लाइनमां ऊभा रहो!'"

"मंग भरत का व्हती?"

ती पदराने कार्ड पुसायला लागली. कार्ड स्वच्छच होतं.

"तीन वरीसम्हा तुना बापले कोनी इचारं का, कसा शेस म्हनीसन? चोरनी इचारं."

यानंतर बराच वेळ काहीही झालं नाही. मी तिला पाणी आणून दिलं, तेही झालं नाही.

पिनपर्यंत ती पोचली नव्हती, पण कार्ड नंबर भरून झाला होता. बँकेला फोन करून कार्ड बंद करवलं. पैसे जागेवर होते. मग तक्रार लिहायला बसलो. आई म्हणाली, मी सांगते तसं लिही. भाषा साहेबाला शोभेल अशी मी केली, म्हणणं तिचंच:

'मा. शाखा व्यवस्थापक, सदर चोरावर योग्य ती कारवाई व्हावी. मात्र त्यामुळे श्री. भिकन यांची चौकशी करणारं कोणीही उरत नाही. तरी आपल्या शाखेतील एका कर्मचाऱ्याने दरमहा ते कसे आहेत असं विचारावं, ही नम्र विनंती.'