आईचे डॉक्टर

आईच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि आई काही केल्या हो म्हणत नव्हती. परदेशात शिकून हट्टाने परतलेल्या, इथल्या सरकारी दवाखान्यात दिवसभर अनोळखी माणसांना ऑपरेशनला राजी करणाऱ्या लेकीची मात्रा घरच्या या एका पेशंटपुढे चालत नव्हती.

"माझ्या डॉक्टरांना विचारून सांगते," आई म्हणायची. तिचे डॉक्टर म्हणजे दुपारच्या मालिकेतले, कानांवरचे केस पिकलेले, जाड चष्म्याचे.

"आई, नट आहे गं तो. स्टेथोस्कोप उलटा घालतो कानात."

"घालू दे. ऐकून तर घेतो. तू 'धाप लागते का' विचारतेस आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या प्रश्नावर गेलेली असतेस."

ते वर्मी लागलं. म्हणून सुट्टी मिळाली तेव्हा ती मुकाट्याने आईशेजारी सोफ्यावर येऊन बसली. पडद्यावर डॉक्टर खाटेवरच्या बाईला विचारत होते, "झोप लागते का?"

"लागते, पण दोन उशा लागतात," आई म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. "आणि जिना चढताना?"

आई जिन्याबद्दल बोलू लागली, मधेच शेजारणीच्या कुत्र्यावर घसरली, तिथून कशीबशी जिन्यावर परतली, आणि तोवर डॉक्टर नुसते थांबून राहिले. लेकीला हसू आलं. मालिकावाले असंच पाणी घालून लांबवतात, तिने मनाशी म्हटलं.

पाचसहा दिवसांनी दवाखान्यात चहा पिता पिता तिने तोच भाग मोबाइलवर लावला. प्रश्नामागून प्रश्न सटासट येत गेले. मधे कुठे श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

कप तसाच ठेवून ती घरी आली. मालिका नुकतीच सुरू झाली होती.

"काय म्हणतात तुझे डॉक्टर?"

"काही नाही गं. चार दिवस झाले, बघतात माझ्याकडे आणि गप्प बसतात."

आपण काय करतोय याची लाज वाटत असतानाच ती पडद्याकडे वळली. "मी यांची मुलगी. ऑपरेशन केलं तर आई वाचेल ना?"

उत्तर आधीच ठाऊक नसलेला प्रश्न तिने कितीतरी दिवसांनी कुणाला विचारला होता. यावेळी ती थांबली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. आईकडे बघून मायेने हसले, मग लेकीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता?"

हे वाक्य पेशंटच्या नातेवाइकांना केव्हा म्हणतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पडद्यावरून डॉक्टर निघून गेले. मागे नुसती खाट उरली.

आईने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "जा गं. त्यांना ताटकळत ठेवू नकोस."

बाहेरच्या दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत दोन पावलांएवढा अंधार होता. त्याला कसलीही घाई नव्हती.